मोलकरणीने उभी केलेली साखळी

फ्रँचायझी म्हटलं की आपल्याला मॅकडॉनल्ड्स आठवतं, आणि ते जगभर नेणारा रे क्रॉक. पण क्रॉकच्या साठेक वर्षं आधी हा धंदा एका मोलकरणीने जमवून दाखवला होता.

मार्था मटिल्डा हार्पर कॅनडातल्या ओकव्हिलची, जन्म १८५७ चा. सात वर्षांची असताना बापाने तिला परक्या घरी कामाला ठेवलं. पुढची पंचवीसेक वर्षं केरवारे आणि धुणीभांडी. त्यातल्याच एका डॉक्टर मालकाने तिला केसांच्या औषधाची कृती दिली होती. ती घेऊन मार्था अमेरिकेत रॉचेस्टरला आली. तिथेही घरकामच. अखेर १८८८ मध्ये साठवलेले ३६० डॉलर घालून तिने केस धुण्या-विंचरण्याचं दुकान काढलं.

अडचण अशी की घरंदाज बायका तेव्हा अशा कामासाठी दुकानाची पायरी चढत नसत, काम करणारी घरी यायची. मार्थाच्या शेजारी गाण्याची शिकवणी होती. मुलांना सोडायला आलेल्या आया बाहेर ताटकळायच्या. मार्थाने त्यांना आत बसायला बोलावलं. दारावर तिचाच फोटो, केस थेट जमिनीपर्यंत. आणखी जाहिरात कशाला हवी?

शिकागोच्या धनाढ्य बर्था पामर म्हणाल्या, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाआधी आमच्याकडेही दुकान काढ. मार्थाने आधी त्यांच्या २५ मैत्रिणींची यादी मागितली, नक्की येणाऱ्यांची. बड्या घरच्या बाईकडून हमी मागणारी मोलकरीण! मला तिचा हा हिशोबी स्वभाव फार आवडतो.

१८९१ पासून तिने इतर गावांत दुकानं द्यायला सुरुवात केली. दिली कुणाला, तर आपल्यासारख्याच घरकाम करणाऱ्या बायकांना. पद्धत, औषधं, शिकवणं आणि तपासणी मार्थाची, दुकान त्या बाईचं. भरभराटीच्या काळात अशी पाचशेच्या आसपास दुकानं होती.

याच सुमाराला कोका-कोलाच्या एसा कँडलरने वेगळा करार केला. १८९९ मध्ये त्याने बाटलीत भरून विकण्याचे हक्क अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले. बाटलीबंद कोकाचा मोठा धंदा होईल असं त्याला वाटलंच नव्हतं. पुढे सिरपच्या दरावरून कंपनी आणि बाटलीवाले कोर्टात भांडले.

क्रॉकने १९५५ मध्ये पहिलं दुकान उघडलं तेव्हा तो विक्रीच्या १.९ टक्के घ्यायचा आणि त्यातला अर्धा टक्का मूळच्या मॅकडॉनल्ड भावांना द्यायचा. एवढ्यात भागेना. मग हॅरी सोनबॉर्न या त्याच्या सहकाऱ्याने सुचवलं, जागा आपण मिळवू आणि दुकानदाराला भाड्याने देऊ. आता दुकानदार करार मोडला तर नुसतं नाव जाणार नव्हतं, पायाखालची जागाही जाणार होती. फोनवर ‘फ्रँचायझी देणे आहे’ अशी जाहिरात दिसली, की गुंतवणुकीच्या आकड्याआधी जागा कुणाच्या नावावर राहणार ते बघावं.

१९६१ मध्ये क्रॉकने भावांना २७ लाख डॉलर देऊन सगळे हक्क घेतले. सॅन बर्नार्डिनोचं मूळ दुकान भावांकडेच राहिलं, पण त्यावर स्वतःचं आडनाव लावायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी पाटी बदलून ‘द बिग एम’ केली. क्रॉकने जवळच नवं मॅकडॉनल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत भावांचं दुकान बंद पडलं.