शुद्धिपत्राची परंपरा



मी आयुष्यभर मराठी शिकविली. तरी आज संख्यांविषयी बोलण्याचे धाडस करतो आहे, त्याला कारण या शाळेच्या भिंतीवरील एक तक्ता. १९५६ साली बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर काही वर्षांनी मी येथे शिकत होतो. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या गुरुजींनी रंगविलेल्या मूळ संख्यांच्या तक्त्यात ३९१ ही संख्या होती. मला १७ × २३ सापडले. दोन दिवस बोलण्याचे धैर्य झाले नाही. अखेर पाटी पुढे केली. गुरुजींनी गुणाकार पडताळला, संख्येवर रेघ ओढली, शेजारी अवयव लिहिले आणि खाली तारीख घातली. ती रेघ त्यांनी कधी पुसू दिली नाही.

अशा चुका थोरामोठ्यांनाही चुकल्या नाहीत. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने २ च्या घातांतून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांची, २५७ व्या घातापर्यंतची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ हे घात चुकून आले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ६७ व्या घाताची संख्या मूळ नाही, हे १८७६ साली ल्यूकाने दाखविले. पण अवयव हाती आले नव्हते. ते १९०३ साली कोल यांनी न्यूयॉर्कच्या सभेत मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. संपूर्ण यादीची तपासणी १९४७ साली पुरी झाली. चूक निस्तरायला ३०३ वर्षे लागली!

याचे मर्म ध्यानी घ्यावे. अवयव शोधणे कठीण, पण सापडल्यावर गुणाकार करून कोणीही पारख करू शकतो. उलट, ‘हिला अवयवच नाहीत’ हे विधान सहजी पडताळता येत नाही. म्हणून चूक तेथेच दबा धरून बसते.

पुराणवस्तुसंशोधक अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे चिरंजीव ॲलन हे हिंदुस्थानात लष्करी अभियंते होते. त्यांनी वुडॉल यांच्यासह १९२५ साली अवयवांची कोष्टके छापली. जे ठाऊक नव्हते तेथे जागा रिकामी ठेविली. ते काम आज संगणकावर चालू आहे. तेथेही सिद्ध झालेली मूळ संख्या आणि केवळ संभाव्य मूळ संख्या यांची नोंद वेगळी ठेवावी लागते. हा भेद पुसला, की मर्सेनची चूक पुन्हा घडलीच.

आम्हा मराठीवाल्यांना हे नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्यापाशी गुणाकाराची कसोटी नव्हती. होता तो पाठांचा ताळा आणि स्वतःची भर न घालण्याचा संयम.

गुरुजींचा तक्ता आता राहिला नाही. परंतु विद्यार्थ्यासमोर स्वतःच्या अक्षरावर ओढलेली ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रबंध तपासताना, पाठभेद नोंदविताना मी तिचाच आधार घेतला. तिच्यापुढे नतमस्तक होऊन मी आपली रजा घेतो.