शब्दवेध : गिरमिट

सुताराच्या पेटीतलं गिरमिट लाकडाला भोक पाडतं. ते इंग्रजी ‘गिमलेट’वरून आलं. दुसरं गिरमिट कागदाचं. ‘ॲग्रीमेंट’ मजुरांच्या तोंडी घासून घासून तसं झालं. साहेबाचा शब्द पचवण्यात आपली माणसं वस्ताद! १८३४पासून असे करार करून मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, बहुधा पाच वर्षांच्या बोलीवर. बिहारी, तमिळ आणि मुंबई बंदरातून कोकणातले मराठीही. बरेच जण तिथलेच झाले. अशाच एका बिहारी मजुराचा मुलगा, शिवसागर रामगुलाम, पुढे त्या देशाचे पंतप्रधान झाले. जानेवारी १९७५मध्ये नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, तेव्हा प्रमुख पाहुणे तेच होते. मॉरिशसच्या शाळांत मराठीही शिकवतात, हे मात्र नागपुरात फारसं कुणाला ठाऊक नसतं.