आधी ऐका, मग बोला

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. पहाटे सव्वापाचला मी खातीपुऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या गच्चीवर होतो. साहेब सिग्नल्सचे. नोकरी संपली, पण कानावरचा हेडफोन काही उतरला नाही. गच्चीत एक पत्र्याची खोली, वर अँटेना, टेबलावर सेट आणि चहाचा थर्मास. माझ्याकडे हॅमचा परवाना नाही, त्यामुळे मी नुसता श्रोता.

साडेपाचला, म्हणजे जागतिक वेळेनुसार शून्य वाजता, सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धा सुरू झाली. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा ४८ तासांची असते. जास्तीत जास्त देशांतल्या आणि झोनमधल्या स्टेशनांशी बोलायचे, कॉल साइन आणि झोनचा आकडा घ्यायचा-द्यायचा. आपला झोन २२. क्षणात बँड भरला, दादरच्या भाजीबाजारासारखा. मला वाटले, साहेब आता बटण दाबणार. ते पाच मिनिटे नुसते ऐकत बसले. म्हणाले, "सर, पहले सुनिए. बोलना तो सबको आता है."

हे वाक्य मला लागले. तरुण असताना वाळवंटातल्या एका सरावात मी न ऐकता प्रेसल दाबला होता. त्याच क्षणी दुसरी तुकडी जखमी जवानासाठी गाडी मागत होती. माझ्या आवाजाखाली त्यांचा निरोप दबला आणि त्यांना तो पुन्हा द्यावा लागला. जवान बरा झाला. मी मात्र ते विसरलो नाही.

हॅमच्या शिस्तीचा उगम निरोपांतच आहे. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९१४ मध्ये अमेरिकेत हौशी मंडळींची जी संघटना काढली, तिच्या नावातच 'रिले' आहे. तेव्हा एका सेटचा आवाज लांब पोचत नसे, म्हणून निरोप एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचा. मधल्याने एक अक्षर चुकवले की पुढे सगळेच चुकीचे. १९२८ मध्ये पॉल सेगल यांनी हौशी माणसाची आचारसंहिता लिहिली. तिची सुरुवातच दुसऱ्याच्या आनंदात विघ्न न आणण्यापासून होते. १९३३ पासून 'फील्ड डे' सुरू झाला: घराबाहेर, मैदानात स्टेशन उभारायचे, आणीबाणीची तयारी म्हणून.

त्यामुळे स्पर्धेतले नियम वरवर शिष्टाचाराचे वाटले तरी ते कामाचे आहेत. रिकामी वाटणारी जागाही आधी विचारून घ्यायची, कारण बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचाच आवाज आपल्याला येत असतो. कॉल साइन पूर्ण द्यायची. शेवटची दोन अक्षरे ओरडून दोघांचाही वेळ जातो. समोरच्याने दुसऱ्याला बोलावले असेल तर गप्प बसायचे. मायक्रोफोनची पातळी इतकी चढवायची नाही की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर राडा होईल. १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या बँडवर स्पर्धा नाही, आणि १४.३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा आपत्तीसाठी मोकळी ठेवायची. एक गोष्ट मात्र मला पटली नाही. आवाज कसाही येवो, सगळे एकमेकांना '५९' असाच रिपोर्ट देतात. फौजेत असा रिपोर्ट दिला असता तर सीओंनी उभे केले असते.

या सवयींचे मोल आपल्याच देशात दिसले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचे पथक पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमान बरीच वर्षे हॅमच्या नकाशावर मुके होते, त्यामुळे व्हीयू४ ही अक्षरे ऐकताच जगभरातून हाकांची झुंबड उडाली. एका वेळी शेकडो जण बोलवत असताना एकेकाला उचलायचे, नीट नोंदवायचे आणि सोडायचे, हे काम त्यांचे रोजच चालू होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. टेलिफोन बंद पडले. त्याच सेटवरून, त्याच पद्धतीने, आता कोण सुखरूप आहे याची नावे मुख्य भूमीकडे जाऊ लागली. हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झालेल्या कार निकोबारलाही पथकातले काही जण पोचले. गुणांसाठी घोटलेली अचूकता अशी नातेवाइकांच्या कामी आली.

लॉगची वेळही जागतिकच लिहायची, घड्याळातली नाही. आम्हा जयपूरकरांना हे जड जाऊ नये. इथल्या जंतरमंतरचे सम्राट यंत्र जी सावलीची वेळ दाखवते, ती भारतीय प्रमाण वेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते, वर ऋतूनुसार थोडा फरक.

सोमवारी पहाटे ५:२९ ला स्पर्धा संपली तेव्हा मी पुन्हा गच्चीवर होतो. साहेब लॉग तपासत होते. एका स्टेशनचे शेवटचे अक्षर त्यांना नीट ऐकू आले नव्हते. संगणक नाव सुचवत होता, आणि ते बहुधा बरोबरही होते. नवा देश, म्हणजे गुणही बरेच. चूक निघाली तर दंड, पण चूक निघाली असतीच असे नाही.

"सुना नहीं था," म्हणत त्यांनी ती ओळ काढून टाकली आणि थर्मास उघडला.