हलके शिरस्त्राण : एका निवडीचा इतिहास

'शिरस्त्राण' हा शब्द मराठीत आता शासकीय परिपत्रकांपुरता आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांपुरता उरला आहे. बोलताना आपण सारेच 'हेल्मेट' म्हणतो. तरीही मूळ शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. 'त्राण' म्हणजे रक्षण. आणि मराठीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अंगातले बळ असाही होतो. 'अंगात त्राण उरले नाही' असे आपण सहज बोलून जातो. डोक्याचे त्राण करणारी वस्तू वाहताना अंगातले त्राण किती खर्ची पडावे, हा या वस्तूच्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे, आणि तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

हा विषय आम्हांस सुचला तो विद्यार्थ्यांमुळे. पुंडलिकनगरातून निघून बीड बायपास ओलांडला की सातारा गाव आणि त्यामागचा डोंगर लागतो. जाड टायरांच्या सायकली घेऊन त्या डोंगराकडे जाणारी तरुण मुले गेल्या काही वर्षांत दिसू लागली आहेत. चढ पाय मारीत चढायचा आणि सुट्या मुरमावरून, मध्येच वर आलेल्या काळ्या पाषाणावरून वेगाने उतरायचे, असा हा खेळ. यातल्या काहींच्या डोक्यावर काहीच नसते. काहींच्या डोक्यावर घरातल्या मोटारसायकलचे हेल्मेट असते, पण चढावर ते सायकलच्या दांड्याला लटकलेले दिसते. 'पूर्ण चेहरा झाकणारे, पण हलके असे हेल्मेट कोणते घ्यावे?' असे त्यांच्यातले काही विचारतात. वरवर पाहता हा बाजारहाटीचा प्रश्न आहे. आमच्या मते मात्र त्याचे उत्तर इतिहासाच्या अंगाने शोधणे अधिक फलदायी ठरेल.

आपल्याकडच्या शिरस्त्राणांपासूनच सुरुवात करू. मोगल घोडेस्वाराच्या पोलादी टोपाला मागे आणि बाजूंना साखळ्यांची झालर असे. ती मानेवर व खांद्यांवर रुळे. नाकासमोर वरखाली सरकणारी एक पट्टी असे. चेहरा बव्हंशी उघडाच राही. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' म्हणजे फारसी 'जिरह', अर्थात साखळ्यांचे चिलखत. गंमत अशी की शब्द टिकला आणि त्यातले लोखंड गळून पडले. आज चित्रांत नि नाटक-सिनेमांत ज्याला आपण जिरेटोप म्हणतो त्यात साखळी औषधालाही सापडत नाही. शिवाजी महाराजांच्या समकालीन चित्रांतही त्यांच्या डोक्यावर दिसते ते पागोटेच.

परंतु पागोट्याखाली काय असे? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, तेव्हा महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली पोलादी टोपी घातली होती, ही हकिकत सर्वपरिचित आहे. डोक्यावर वार कोणी केला याबद्दल कथनांत एकवाक्यता नाही. जदुनाथ सरकारांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या शिवचरित्रात तो सय्यद बंडाचा सांगितला आहे. त्या वाराने पागोटे दुभंगले आणि आतल्या टोपीला खोल खोच पडली, असे ते लिहितात. आम्हांस येथे महत्त्वाची वाटते ती निवड. भेट निःशस्त्र दिसायची होती, तेव्हा साखळ्यांची झालर असलेला भारी टोप उपयोगाचा नव्हता. कवटीपुरते पोलाद आणि त्यावर कापडाच्या घड्या, एवढ्यावर भागवले गेले. संकट कोणते, ते कोठून येणार आणि आपल्याला हालचाल किती करावी लागणार, याचा नेमका हिशेब त्यामागे होता.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मराठी घोडदळाने केला. लांबच्या मजला मारणाऱ्या, अचानक छापा घालून निसटणाऱ्या स्वारांना बख्तराचे ओझे परवडणारे नव्हते. कापडाच्या अनेक घड्यांवर तलवारीचा वार बोथट होतो, कापड घाम शोषते आणि ऊनही अडवते. दख्खनच्या उन्हाळ्यात मजल-दरमजल करणाऱ्याला ते लोखंडाहून सोयीचे होते. पागोटे लोखंडापेक्षा अधिक रक्षण करी असे नव्हे. ते दिवसभर डोक्यावर राही, हा त्याचा खरा गुण.

विसाव्या शतकात वेग वाढला आणि डोक्याचा शत्रू बदलला. तलवार चालवणारा हात जाऊन त्या जागी रस्ता आला. इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावरील वैद्यकीय अधिकारी एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेची टोपी तयार करवून घेतली, आणि १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या मोटारसायकल शर्यतीत ती सक्तीची झाली. सामान्य रस्त्यावर मात्र ती पोहोचली नाही. १३ मे १९३५ रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्यात असलेला टी. ई. लॉरेन्स आपल्या मोटारसायकलवरून जात असता सायकलवरच्या दोन मुलांना चुकवण्याच्या प्रयत्नात फेकला गेला. डोक्याला जबर मार लागून सहा दिवसांनी तो वारला. त्याच्या उपचारांसाठी ज्यांना पाचारण केले होते त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण शल्यविशारद होते.

केर्न्स यांनी पुढे हाच विषय हाती घेतला. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे रस्त्यावर मरण पावले होते. हेल्मेट घातलेल्या जखमींची उदाहरणे त्यांना अवघी सात मिळाली, आणि ते सातही जण वाचले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांवर ती सक्ती येण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. पुरावा हाती असूनही मध्ये बत्तीस वर्षे गेली.

हेल्मेट नेमके काय करते, हे कळण्यास आणखी थोडा वेळ लागला. टणक कवच मार पसरवते, परंतु मेंदूला बसणारा धक्का कमी करायचा तर कवचाच्या आत काहीतरी चिरडले जावे लागते. अमेरिकेत चार्ल्स लोंबार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर आधारलेल्या हेल्मेटचे एकस्व १९५३ साली मिळवले. पुढे हे चिरडून घेण्याचे काम ज्या पदार्थाकडे आले तो आपल्या चांगला ओळखीचा आहे. गणपतीच्या मखरांसाठी महाराष्ट्राने वर्षानुवर्षे जो कापला, तोच थर्माकोल. १९७५ साली बेल कंपनीने सायकलस्वारांसाठी काढलेल्या हेल्मेटात त्याचे अस्तर होते. तोवर शर्यतीतले सायकलस्वार चामड्याच्या पट्ट्यांची जाळी डोक्यावर बांधत. थर्माकोल एकदाच चिरडतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून मोठा मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी निकामी समजावे लागते. चेहराही झाकणारे हेल्मेट याच सुमारास आले. १९६८ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये डॅन गर्नी ते घालून उतरला, आणि मोटारींच्या शर्यतीत ती प्रथा पडली.

आता आपल्या शहराकडे वळू. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाचे औरंगाबाद दुचाकी घडवणारे शहर बनले. दुचाकी घराघरांत आली, हेल्मेट मात्र त्या गतीने आले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने ते बंधनकारक केले. (त्याच कलमात पगडी बांधणाऱ्या शीख स्वारांना सूट आहे, पागोटे आणि शिरस्त्राण यांचे जुने नाते कायद्यातही असे डोकावते.) २०१६ साली शहरात हेल्मेटसक्तीची मोहीम झाली. २०१९ साली पुण्यात सक्तीविरुद्ध जोरदार आवाज उठला. या विरोधात पुढे आलेली कारणे आपण सर्वांनी ऐकली आहेत : उकडते, मान दुखते, जड होते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. या कारणांची टवाळी करणे सोपे आहे. आम्हांस मात्र वाटते की त्यांत तथ्याचा अंश होता. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या मराठवाड्यात दीड किलोची बंद हंडी डोक्यावर घेऊन हिंडणे सुखाचे नाही.

सरकारनेही अखेर हे मान्य केले. रस्ते सुरक्षेविषयी नेमलेल्या आणि एम्सचे डॉक्टर व भारतीय मानक ब्युरोचे तज्ज्ञ असलेल्या समितीने मार्च २०१८ मध्ये भारतीय हवामानास साजेशा हलक्या हेल्मेटची शिफारस केली. हेल्मेटच्या वजनाची कमाल मर्यादा दीड किलोवरून १.२ किलोवर आली. १ जून २०२१ पासून मानक ब्युरोचे चिन्ह नसलेली दुचाकी हेल्मेटे बनवणे आणि विकणे बेकायदा ठरले. सुरक्षा आणि हलकेपणा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे येथे प्रथमच नियमाच्या भाषेत उमटले.

डोंगरातल्या सायकलींचा इतिहास याहून तरुण आहे. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून सोडण्याची शर्यत सुरू केली. उतरेपर्यंत ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले. १९९० साली अमेरिकेतच ड्युरँगो येथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. केवळ उताराच्या शर्यतीत वेग वाढत गेला तशी मोटोक्रॉसच्या धर्तीची, चेहरा झाकणारी, किलोभर किंवा त्याहून जड हेल्मेटे आली. तेथे ती चालून गेली, कारण वर जायला पाळणा किंवा गाडी असे. २०१३ साली 'एंड्युरो' प्रकाराची जागतिक मालिका सुरू झाली आणि अडचण उघडी पडली. येथे घड्याळ लावले जाते उतारावर, परंतु चढ स्वाराने स्वतः चढायचा असतो. जड हेल्मेट घालून चढणे अशक्य, आणि ते काढून चढावे तर पाठीवर ओझे. या अडचणीतून हलकी, झरोकेदार, पूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटे जन्मली. साधारण ६५० ते ८०० ग्रॅम वजनाची ही हेल्मेटे २०१७ नंतर रुळली. सातारा डोंगरावर पाळणा नाही. तेव्हा आमच्या मुलांचा खेळ हा मुळात याच प्रकारचा आहे.

निवड करताना वजनाच्या आकड्याआधी आतली चिठ्ठी वाचावी. युरोपच्या ईएन १०७८ या मानकाची चाचणी दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडून होते, म्हणजे आदळण्याचा वेग ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर. त्या चाचणीत हनुवटीपुढील कमानीची परीक्षा होत नाही. उताराच्या सायकलिंगसाठीचे अमेरिकन मानक एएसटीएम एफ १९५२ आहे. त्यात ती होते. चेहरा झाकण्यासाठीच पैसे मोजायचे असतील तर ही दुसरी खूण पाहणे अगत्याचे. काढता-घालता येणारी कमान असेल, तर कमान लावलेल्या स्थितीत कोणते मानक मिळाले आहे ते पाहावे. तिरक्या मारात डोके गरकन फिरते आणि त्या फिरण्याने मेंदूला वेगळी इजा होते. त्यासाठी स्टॉकहोममधील शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पेटर हाल्डिन यांनी १९९६ पासून केलेल्या कामातून आत सरकणारा पातळ थर बसवण्याची 'मिप्स' पद्धत आली. ती असल्यास उत्तम.

मग माप. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट घालून, पट्टा बांधून, मागून वर ढकलून पाहावे. ते पुढे निसटता कामा नये. गालांलगतच्या गाद्या गाल हलके दाबणाऱ्या हव्यात. शेवटची परीक्षा आमच्या हवामानाची आहे. ते घालून दुकानातच पंधरा मिनिटे बसावे, शक्य तर जिना चढून यावे. तोंडासमोर श्वास कोंडत असेल, तर ते हेल्मेट पहिल्याच चढावर दांड्याला लटकणार हे निश्चित समजावे. अतिहलकेपणाचाही मोह नको. ज्याची चाचणीच झालेली नाही, त्याच्या हलकेपणाला काही अर्थ नाही.

सायकलस्वाराला आपल्याकडे हेल्मेटची सक्ती नाही; कलम १२९ मोटारसायकलपुरतेच बोलते. म्हणून येथे पोलिसांचा धाक नाही आणि दंडाची पावतीही नाही. निर्णय सर्वस्वी त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींचा, आणि पैसे देणाऱ्या घरच्यांचा आहे. अशी हेल्मेटे बव्हंशी परदेशी बनावटीची व महाग असतात, हे खरे. तेवढे जमत नसेल तर सायकलसाठीच बनवलेले, तीन-चारशे ग्रॅमचे साधे उघड्या तोंडाचे, पण प्रमाणित हेल्मेट घ्यावे आणि उतरण्याचा वेग त्या बेताने ठेवावा. दिवसभर पागोटे वागवणाऱ्या स्वारांना जे ठाऊक होते तेच येथेही लागू पडते : पडण्याच्या क्षणी जे डोक्यावर असेल, तेवढ्याचाच उपयोग.