केप मे : सुटीचा मुक्काम

केप मे : अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण टोकावरील सागरतीरी गाव. लोकसंख्या २,७६८ (२०२०). एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला डेलावेअर उपसागर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून फिलाडेल्फियाची मंडळी उन्हाळ्यात येथे हवापालटाला येत. नोव्हेंबर १८७८च्या आगीत बरीचशी जुनी हॉटेले जळून गेली आणि त्यांच्या जागी व्हिक्टोरियन धाटणीची, नक्षीदार कठड्यांची लाकडी घरे उभी राहिली. अशा सुमारे ६०० इमारती आजही टिकून आहेत. त्यांच्यामुळेच १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मुक्काम ठरवताना येणाऱ्या निम्म्या अडचणींचे मूळही हीच घरे.

या घरांतील अनेकांचे आता न्याहारीसह राहण्याचे छोटे निवास झाले आहेत. ते देखणे खरे, पण जिने अरुंद व उभे, लिफ्ट सहसा नाही, गाडी लावायला जागा मोजकी. काही ठिकाणी लहान मुलांना प्रवेशही नसतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. मुलेबाळे बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे सोयीचे; मात्र भर हंगामात अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानेच मिळतात आणि चांगली घरे हिवाळ्यातच ठरून जातात. हॉटेलांतही जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी दोन-तीन रात्रींची अट घातलेली असते. काँग्रेस हॉल हे सर्वांत प्रसिद्ध हॉटेल. मूळ वास्तू १८१६ची, आगीनंतर १८७९ मध्ये विटांनी पुन्हा बांधलेली. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन उन्हाळ्यात येथूनच कारभार पाहत.

पुळणीवर जायला पैसे पडतात, हे नवख्यांना खटकते. मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत १२ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला बिल्ला घ्यावा लागतो. तो दिवसाचा, आठवड्याचा किंवा हंगामाचा मिळतो. अनेक घरमालक भाड्याबरोबर काही बिल्ले देतात; आरक्षण करतानाच ते विचारून घ्यावे. उपसागराकडील सनसेट बीचवर बिल्ला लागत नाही. पोहण्यापेक्षा तेथे गारगोट्या वेचण्यात लोक रमतात. डेलावेअर नदीने वाहून आणलेले हे क्वार्ट्झचे खडे ‘केप मे हिरे’ म्हणून विकले जातात. ओले असताना ते काचेसारखे चमकतात, सुकले की धुरकट होतात. पैलू पाडल्यावर मात्र फसायला होईल इतके छान दिसतात. समोरच पाण्यात १९२६ मध्ये रुतून बसलेल्या ‘अटलांटस’ या काँक्रीटच्या जहाजाचे अवशेष आहेत.

न्यू यॉर्क वा न्यू जर्सीतल्याच एडिसनकडून येणाऱ्यांसाठी गार्डन स्टेट पार्कवे हा सरळ रस्ता. तो गावाच्या वेशीशी, शून्य मैलावर सुरू होतो. एडिसन सुमारे २०० किलोमीटरवर असल्याने तिकडची मराठी कुटुंबेही सहज येऊ शकतात. कालव्यामुळे गावाला बेटाचे रूप आले असून आत शिरायला पूलच ओलांडावे लागतात. शनिवारी एकीकडे घरे रिकामी होतात, दुसरीकडे नवे पाहुणे येतात. त्या दुपारी पुलाजवळ ताटकळण्याची तयारी ठेवावी. वॉशिंग्टनकडच्यांनी उपसागरापलीकडच्या, डेलावेअर राज्यातील लुइसहून सुटणारी फेरी पाहावी. १९६४ पासून चालणारी ही बोट गाडीसकट साधारण ८५ मिनिटांत उपसागर पार करते.

मुलांना पाळणे, आकाशचक्रे हवी असतील तर जवळचे वाइल्डवुड बरे. तेथील पुळण फुकटही आहे. केप मेचा लाकडी बोर्डवॉक मार्च १९६२च्या वादळात उद्ध्वस्त झाला आणि त्या जागी साधा फरसबंद रस्ता आला. उपाहारगृहांत मासळी व स्कॅलप ताजे मिळतात, कारण बंदर शेजारीच आहे. दारूचे परवाने मोजके असल्याने बऱ्याच ठिकाणी बाटली आपली आपणच न्यायची असते.

शाळेचे बंधन नसेल, तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचे तीन-चार आठवडे निवडावेत. पाणी अजून कोमट असते (मेअखेरीस ते हुडहुडी भरवते), भाडी उतरतात, बिल्ला लागत नाही. जीवरक्षक मात्र कमी होतात. शिवाय पक्ष्यांचा हंगाम सुरू होतो. दक्षिणेकडे निघालेले ससाणे, शिकरे भूशिराच्या टोकाशी येऊन रुंद उपसागर ओलांडण्याआधी रेंगाळतात आणि दीपगृहाजवळच्या मचाणावरून दिसतात. मोनार्क फुलपाखरेही याच वाटेने मेक्सिकोकडे जातात. १८५९चे दीपगृह चढायला १९९ पायऱ्या आहेत. हाच काळ चक्रीवादळांचाही असल्याने आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी, गाव रिकामे करण्याचा आदेश निघाल्यास पैसे परत मिळतील का, हे करारात वाचून घ्यावे.