कंस, विभक्ती आणि पूर्णविराम

‘येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी)’ ही लेखनपद्धती मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिलाही इतिहास आहे ह्याचे भान राहत नाही. मोडी कागदपत्रांत हेच काम शब्द करीत. ‘मौजे’, ‘तर्फ’, ‘परगणे’, ‘प्रांत’ ही उतरंड वाक्याच्या ओघातच लिहिली जाई. जेथे शब्द सुटे लिहिण्याचाही परिपाठ नव्हता, तेथे वाक्यात वेगळा कप्पा करून गौण तपशील त्यात ठेवण्याची सोय असणे शक्यच नव्हते. स्पष्टीकरणासाठी ‘म्हणजे’, नामांतरासाठी ‘ऊर्फ’ आणि संस्कृत टीकाग्रंथांत अवतरणाच्या अखेरीस ‘इति’ असे. चिन्हांचे कार्य शब्दांकडे होते आणि ते शब्द उच्चारता येत. कंस उच्चारता येत नाही. तो केवळ डोळ्यांसाठी आहे.

युरोपातही हे चिन्ह फार प्राचीन नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील मानवतावाद्यांच्या हस्तलिखितांत ते दिसू लागते. त्याच्या आकारावरून इरॅस्मसने त्याला ‘चंद्रकोर’ ह्या अर्थाचे लॅटिन नाव दिले. मराठीनेही वर्तुळाच्या तुकड्याला असलेले नाव ह्या चिन्हास देऊन आकारच लक्षात घेतला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी ह्यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची. सरकारी शालेय पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम त्यांच्याकडे असल्यामुळे ही चिन्हे वाङ्मयाच्या वाटेने नव्हे, तर क्रमिक पुस्तकाच्या वाटेने मराठीत आली. परभणीचा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याची सत्ता तेथे चालत नव्हती आणि पुढे राज्यकारभारात उर्दू आली. त्या लिपीत कंस उजवीकडून उघडतो. दोन्ही लिप्या वाचणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला एकाच चिन्हाची दोन तोंडे परिचित होती!

इंग्रजीचा नियम मुळात सोपा आहे. कंसातील मजकूर काढून टाकला तरी उरलेले वाक्य पूर्ण आणि शुद्ध राहिले पाहिजे. त्यातूनच बाकीचे संकेत निघतात. कंस वाक्याचा अंश असेल तर पूर्णविराम कंसाबाहेर. कंसात स्वतंत्र, संपूर्ण वाक्य असेल तर पूर्णविराम आत. मूळ वाक्याला लागणारा स्वल्पविराम कंस मिटल्यावर. उघडण्यापूर्वी तो देण्याचे सहसा कारण नसते. प्रश्नचिन्ह वा उद्गारचिन्ह केवळ कंसातील मजकुराचे असेल तर ते आतच राहते आणि बाहेरच्या वाक्याचा पूर्णविराम त्यामुळे चुकत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी लिहिताना ह्या जागी अडखळतो. त्याचे कारण निष्काळजीपणा असे सांगण्यात येते. ते अपुरे आहे.

इंग्रजीत संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतो. नामानंतर कंस उघडला तरी त्या संबंधाला धक्का लागत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाच्या शेवटी, त्याला चिकटून येतो. म्हणजे नेमका कंस जेथे उघडायचा तेथेच. ‘येलदरी (जि. परभणी)ला’ असे लिहिले तर प्रत्यय निराधार लोंबकळतो. ‘आंनी’ किंवा ‘ईने’ ह्यांसारख्या स्वरादी प्रत्ययांची तर अशी मांडणीच होऊ शकत नाही, कारण मात्रेला व्यंजनाचा आधार लागतो. ‘येलदरीला (जि. परभणी)’ असे लिहिल्यास बाहेरचे नाम चतुर्थीत आणि आतले प्रथमेत राहते. संस्कृतात समानाधिकरण पदांनी एकच विभक्ती धारण करावी लागते. कंसाने मराठीला त्या बंधनातून सूट दिली. व्याकरणाच्या पुस्तकांत विरामचिन्हांचे प्रकरण शेवटी, परिशिष्टासारखे येते, म्हणून ही सूट दुर्लक्षित राहते. वस्तुतः तो वाक्यरचनेचा प्रश्न आहे.

लेखनव्यवहाराने ह्यावर एक तोडगा वापरला आहे: ‘येलदरी (जि. परभणी) येथे’, ‘अमुक (संपादक) ह्यांनी’. ‘येथे’ आणि ‘ह्यांनी’ ही पदे प्रत्ययाचा भार उचलतात आणि कंस निर्विघ्न मिटतो. अशा वाक्यातून कंस काढला तरी ‘येलदरी येथे’ शुद्धच राहते. इंग्रजी कसोटीला मराठी वाक्य उतरते ते असे. छापील मराठीतील औपचारिकतेचा बराचसा भाग ह्या आधारपदांवर उभा आहे. बोलताना कोणी ‘येलदरी येथे गेलो’ म्हणत नाही.

टिंबाचा गोंधळ मराठीचा स्वतःचा आहे. जुन्या लेखनात संक्षेपासाठी पोकळ शून्य असे: ‘रा० रा०’, ‘मौ०’. ते मागे पडून टिंब आले आणि पूर्णविरामही दंडाऐवजी टिंबानेच दाखवला जाऊ लागला. परिणामी ‘(१९५६ पर्यंत हैदराबाद रा.).’ येथे दोन टिंबे येतात. त्यांतले आतले संक्षेपाचे, बाहेरचे वाक्याचे. पुष्कळ मुद्रितशोधक दुसरे अनावश्यक समजून काढतात आणि वाक्य उघडे पडते.

संहितासंपादनात ह्याहून गंभीर बाब उपस्थित होते. ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथाच्या मुद्रित प्रतीत दिसणारा प्रत्येक कंस संपादकाचा असतो; तेराव्या शतकातील गद्याला तो ठाऊक नव्हता. म्हणून संपादकाची भर चौकटी कंसात आणि लेखकाचा कंस गोल, हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. पूर्णा प्रकल्पाची दोन धरणे येलदरी आणि सिद्धेश्वर. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर येलदरी परभणीत राहिले, सिद्धेश्वर हिंगोलीत गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकातील ‘सिद्धेश्वर (जि. परभणी)’ हा कंस चुकीचा नाही, पुनर्मुद्रणात तो तसाच ठेवून त्यापुढे चौकटी कंसात ‘आता जि. हिंगोली’ एवढे लिहावे.