अणुचाचणीबंदीची पडताळणी

अण्वस्त्रांच्या चाचण्या थांबविण्याचा करार दुसरा पक्ष पाळतो की नाही, हे जाणून घेण्याची व्यवस्था म्हणजे अणुचाचणीबंदीची पडताळणी होय. खेळ सिद्धांताच्या दृष्टीने असा करार म्हणजे त्याच पक्षांनी वारंवार खेळावयाचा डाव ठरतो. एकदाच खेळावयाच्या डावात फसवणूक लाभदायक असते. परंतु डाव पुनःपुन्हा खेळावयाचा असल्यास आजच्या फसवणुकीला उद्या प्रत्युत्तर मिळेल, या धास्तीने सहकार्य टिकू शकते. मात्र त्यासाठी प्रतिपक्षाची कृती कळावी लागते. ती अंधूकपणेच कळत असेल, तर दोन धोके संभवतात : खरे उल्लंघन नजरेतून सुटणे आणि निर्दोष घटनेला उल्लंघन मानून करार मोडला जाणे. संशयाची कसोटी कडक केली की पहिला धोका घटतो. पण दुसरा वाढतो.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेल्या सु. १५ मेगॅटन शक्तीच्या स्फोटातील किरणोत्सर्गी धूळ एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. त्यानंतर २ एप्रिल १९५४ रोजी जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत चाचण्या स्थगित ठेवण्याचे आवाहन केले. वातावरणातील स्फोट लपविणे अवघड होते. १९४९ मधील पहिल्या सोव्हिएट स्फोटाचा पुरावा अमेरिकी विमानांनी हवेतील धूलिकणांवरूनच मिळविला होता. परंतु सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेने नेव्हाडात १.७ किलोटनाचा स्फोट पूर्णपणे भूगर्भात केला व प्रश्नाचे स्वरूप पालटले. भूगर्भातील लहान स्फोट व भूकंप यांच्या लहरींत फरक करणे तेव्हा कठीण होते.

जुलै-ऑगस्ट १९५८ मध्ये जिनीव्हा येथे दोन्ही गटांतील तज्ञांनी जमिनीवर १६० ते १७० नियंत्रण केंद्रे आणि समुद्रावर सु. १० जहाजे पुरेशी होतील, असे ठरविले. त्याच वर्षाअखेरीस दोन्ही पक्षांनी चाचण्या थांबविल्या. लवकरच नव्या अमेरिकी चाचण्यांच्या मोजणीवरून ओळखू न येणाऱ्या भूकंपांची संख्या अपेक्षेहून जास्त असल्याचे दिसले. मोठ्या पोकळीत स्फोट करून त्याचा हादरा दडपता येईल, असेही १९५९ मध्ये मांडण्यात आले. अशा संशयास्पद घटनांच्या जागी जाऊन तपासणी करावी, हा उपाय होता. सोव्हिएट युनियनला त्यात हेरगिरीचा वास येई. १९६२-६३ मधील वाटाघाटींत सोव्हिएट पक्षाने वर्षाला दोन-तीन तपासण्या देऊ केल्या. अमेरिकेची मागणी सातवर उतरली, पण अंतर मिटले नाही. दरम्यान १ सप्टेंबर १९६१ रोजी सोव्हिएट युनियनने चाचण्या पुन्हा सुरू केल्या होत्या. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे झालेल्या करारात वातावरण, अवकाश व पाण्याखाली चाचण्यांना बंदी झाली. भूगर्भ वगळला गेला. जेवढे दुरून पाहता येत होते, तेवढ्यापुरतीच बंदी शक्य झाली.

या वादामुळे भूकंपविज्ञानाला मोठे साहाय्य मिळाले. अमेरिकेच्या पुढाकाराने उभारलेल्या प्रमाणित भूकंपलेखकांच्या जागतिक जाळ्यात सु. १२० केंद्रे होती; पुण्याचे केंद्र त्यांपैकी एक होय. याच काळात अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण व निःशस्त्रीकरण अभिकरणासाठी रॉबर्ट ऑमन, मायकेल मॅश्लर इत्यादींनी अपूर्ण माहितीच्या पुनरावृत्त खेळांचा अभ्यास केला (१९६६–६८). गुप्त माहिती असलेला पक्ष तिचा वारंवार उपयोग करू लागला, तर त्याच्या कृतींवरूनच ती फुटते. म्हणून कित्येकदा ती अंशतःच वापरणे हिताचे ठरते, असे त्यांनी दाखविले. ऑमन यांना २००५ मध्ये टॉमस शेलिंग यांच्यासह अर्थशास्त्रातील नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये एडवर्ड ग्रीन व रॉबर्ट पोर्टर यांनी उत्पादकसंघांच्या संदर्भात दाखविले, की निरीक्षण सदोष असताना कोणीही फसवणूक केलेली नसली, तरी सहकार्यात अधूनमधून खंड पडतो.

अणुचाचण्यांच्या बाबतीत तसा प्रसंग आला. १९७४ च्या करारान्वये भूगर्भीय चाचण्यांना १५० किलोटनाची मर्यादा ठरली. १९८० नंतरच्या दशकात सोव्हिएट युनियनने ती बहुधा ओलांडली, असा आरोप अमेरिकी शासनाने केला. परंतु नेव्हाडाखालील उष्ण प्रावरणात लहरी अधिक शोषल्या जातात, तर सेमिपालाटिन्स्क येथील प्राचीन, स्थिर खडकांतून त्या जोमाने जातात. त्यामुळे नेव्हाडाच्या मापाने सोव्हिएट स्फोट प्रत्यक्षाहून मोठे भासत. ऑगस्ट व सप्टेंबर १९८८ मध्ये दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांच्या चाचणीक्षेत्रांत जाऊन मोजणी केली. नव्या पडताळणी-उपबंधांसह करार ११ डिसेंबर १९९० रोजी अंमलात आला.

२४ सप्टेंबर १९९६ रोजी स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या सर्वंकष चाचणीबंदी करारात ३२१ निरीक्षण केंद्रे व १६ प्रयोगशाळा योजिल्या आहेत. ऑगस्ट १९९७ मध्ये नॉव्हाया झीमल्याजवळील हादऱ्यावरून रशियावर संशय घेतला गेला. पण त्याचे स्थान कारा समुद्राखाली निश्चित झाल्यावर तो निवळला. उलट, २००६ मधील उत्तर कोरियाचा किलोटनाहूनही लहान स्फोट या जाळ्याने टिपला. तथापि हा करार अंमलात आलेला नाही : भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी त्यावर स्वाक्षरी केलेली नाही, अमेरिका व चीन यांनी अनुसमर्थन दिलेले नाही आणि रशियाने २०२३ मध्ये आपले अनुसमर्थन मागे घेतले. माहितीची उणीव बहुतांशी भरून निघाली असली, तरी सहकार्याची इच्छा तीमधून आपोआप निर्माण होत नाही, हे यावरून दिसते.